एकतिसावं मूल

आमच्या चेरीतालात आता ताल दिसत नाही, वस्ती दिसते. राणी दुर्गावतीनं राणीताल खोदवला, दिवाण आधारसिंहांनी आधारताल, आणि राणीच्या मर्जीतल्या दासीच्या नावानं झाला तो चेरीताल. चेरी म्हणजे दासी. जबलपुरात ही गोष्ट घरोघरी सांगतात. राणी १५६४ मध्ये लढताना पडली. पुढं अठराव्या शतकाच्या शेवटी मराठे आले, १८१७ मध्ये इंग्रज. आमचं घराणं मराठ्यांच्या मागून नर्मदेकाठी येऊन राहिलेल्यांपैकी. आजोबांनी चेरीतालात दोन खोल्या घेतल्या तेव्हा श्रावणात पाणी मागच्या दाराशी येई, असं आजी सांगायची.

त्या घराच्या फडताळात आजोबांची एक वही आहे. शिवण सुटलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई विटून तपकिरी झालेली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘विद्यामंदिर, जमाखर्च’ आणि खाली साल १९३९. मी ३८ वर्षं शाळांचे हिशेब लिहिले, लेखापाल म्हणून २०२२ मध्ये निवृत्त झाले, आणि ती वही पहिल्यांदा नीट वाचली ती निवृत्तीनंतर. वाचता वाचता लक्षात आलं, की जी कोष्टकं मी जन्मभर भरली त्यांतलं एक जुनं कोष्टक माझ्याच घरात पडून होतं. खेड्यातल्या लहान शाळेला पैसे कोणत्या हिशेबानं द्यायचे, हा प्रश्न आजोबांपुढं होता, माझ्यापुढं होता, आणि आज माझ्या जागी बसलेल्या मुलीपुढंही आहे.

आधी आजचा हिशेब सांगते, म्हणजे मागचं समजायला सोपं जाईल.

सरकारी शाळेला वर्षाकाठी खर्चायला जी रक्कम मिळते तिला आमच्याकडं कंपोझिट ग्रांट म्हणतात. महाराष्ट्रातली माझी मावसबहीण, तीही मास्तरीणच, जुन्या सवयीनं सादिल म्हणते. शिक्षकांचा पगार यात धरायचा नाही, तो वेगळा. हे पैसे खडूंचे, फळ्याच्या रंगाचे, टाटपट्ट्यांचे, हजेरीपटाचे, विजेच्या बिलाचे, फुटक्या कौलांचे, हातपंपाच्या वायसरचे, झाडू-फिनेलचे. समग्र शिक्षा योजनेतला दर असा: पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढं एक लाख. मिळालेल्या रकमेचा दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचाच. पट धरायचा यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीतला, आणि त्या नोंदीची तारीख ३० सप्टेंबर.

म्हणजे तिसाव्या आणि एकतिसाव्या मुलामध्ये १५,००० रुपयांचं अंतर. जबलपूरच्या पूर्वेला कुंडमकडच्या एखाद्या गावात दिवाळीआधी एक कुटुंब दोन मुलांना घेऊन विटाभट्टीवर गेलं, की शाळेचं वर्ष बदलतं. मी मुख्याध्यापकांना २९ सप्टेंबरला सायकलवरून वाड्यावस्त्या फिरताना पाहिलंय. खोटी नावं घालायला नव्हे. खरी मुलं, जी गुरं घेऊन रानात गेलेली असत, त्यांना उद्या तरी शाळेत पाठवा असं सांगायला.

भोपाळहून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं मला एकदा मोठ्या आपुलकीनं समजावलं होतं, की लहान शाळांवर अन्याय होत नाही, उलट त्यांनाच जास्त मिळतं. ३० मुलांना १०,००० म्हणजे डोईमागं ३३३ रुपये, आणि हजार मुलांच्या शाळेला ७५,००० म्हणजे डोईमागं ७५. भागाकार बिनचूक होता. पण शाळेचा खर्च डोक्यावर बसत नाही, भिंतींवर बसतो. घंटा एकच लागते. कुलूप एकच लागतं. विजेचा मीटर ३० मुलांना बघून कमी फिरत नाही, आणि माकडांनी कौलं उडवली तर ती किती मुलांवरची हे कौलांना ठाऊक नसतं. दहा हजारांतून स्वच्छतेचे हजार काढा, उरले नऊ हजार. बारा महिन्यांनी भागा. महिन्याला साडेसातशे. एवढ्यात दोन खोल्या, एक पडवी आणि एक हातपंप वर्षभर उभे ठेवायचे. शिवाय २०२१ पासून शाळेच्या खात्यात पैसे नसतातच, मर्यादा असते. ‘लिमिट आली का?’ असं मास्तर एकमेकांना विचारतात. ती उशिरा आली आणि मार्च संपला, की गेली.

हा डोकी मोजण्याचा हिशेब आपल्याकडं कुठून आला?

१८५४ च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची रीत घातली. मग पैसा कुणाचा, हा प्रश्न आला. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांना जाऊ लागला. आमच्या मध्य प्रांतांतही शेतसाऱ्याबरोबर शाळेची पट्टी वसूल होई. कुणब्याच्या, गोंडाच्या, लोध्याच्या घामातून ती पट्टी येई, आणि शाळा मात्र आधी कसब्यात, तहसिलीच्या गावी उघडे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं त्यात हेच दुखणं मांडलंय: सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या श्रमावर भरते आणि खर्च होते ती वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शहरांचे आणि खेड्यांचे शाळा-निधी वेगळे ठेवावेत, म्हणजे खेड्याचा पैसा शहरात झिरपणार नाही, अशी शिफारस पुढं त्याच कमिशननं केली. मी नोकरीत लागले तेव्हा फुले वाचले असते तर बरं झालं असतं; आमच्या प्रशिक्षणात वित्तसंहिता होती, फुले नव्हते.

त्याच काळात आणखी एक रीत विलायतेहून आली. इंग्लंडात १८६२ पासून शाळेला पैसे ‘निकालावर’ मिळू लागले होते. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा, मुलांना वाचायला, लिहायला, गणितं करायला लावायचा, आणि पास झालेल्या डोक्यांप्रमाणे रक्कम ठरायची. आपल्याकडच्या प्रांतांतही ही पद्धत आली. मोठ्या शाळेत पाच पोरं तापानं झोपली तर फरक पडत नाही. बारा पोरांच्या शाळेत पाच झोपली तर वर्ष बुडालं. नर्मदेच्या खोऱ्यात भादव्यात हिवताप घरटी असे. कर्झनच्या १९०४ च्या ठरावानं ही रीत मोडीत काढली, पण डोकी मोजून पैसे द्यायची सवय तिथून जी लागली ती सुटली नाही.

शाळा आणि गाव यांचं नातं याहून जुनं आहे, हेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या सागरला १८२७ च्या सुमारास कॅप्टन पॅटन या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं आणि कृष्णराव नावाच्या मराठी गृहस्थांनी मिळून शाळा काढल्या होत्या. लॉर्ड बेंटिंक सागरला आला तेव्हा त्याला हे काम इतकं आवडलं, की त्यानं कृष्णरावांना कलकत्त्याच्या शाळा बघायला धाडलं. पुढं सागरचं मोठं विद्यालय १८७३ मध्ये जबलपूरला हलवलं गेलं आणि त्यातून आमचं रॉबर्टसन कॉलेज झालं. जबलपूरकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. सागरकरांना त्या वर्षी काय वाटलं असेल, असा विचार मात्र मनात येतोच.

आता आजोबांची वही.

१९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री झाले. तिजोरी रिकामी आणि हजारो गावांत शाळा नाही, अशी अवस्था. शुक्लांनी विद्यामंदिर योजना मांडली. तिचं सूत्र मला तोंडपाठ आहे, कारण आजोबांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलंय: मैलाच्या परिघात शाळा नाही आणि शाळेच्या वयाची सुमारे ४० मुलंमुली आहेत, अशा गावाला किंवा गावांच्या गटाला विद्यामंदिर मिळेल, गावानं जमीन दान द्यायची, वर्षाला २०० रुपये उत्पन्न देईल एवढी, त्या उत्पन्नावर शाळा चालेल आणि गुरुजींना महिना १५ रुपये मिळतील.

गांधीजींची वर्धा शिक्षण परिषद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भरली होती, आणि मुलांच्या सूतकताईतून शाळेचा खर्च निघावा हा विचार तिथं घोळत होता. शुक्लांनी चरख्याऐवजी जमीन धरली. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला विद्यामंदिराच्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, गांधीजी तिथं बोलले. माझे आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे. जबलपुरातच वाढलेले, हिंदी आणि मराठी सारखीच येणारी. ते वर्ध्याला शिकून आले आणि कुंडमच्या डोंगराळ भागात एका गोंड गावी गुरुजी म्हणून गेले.

‘मंदिर’ या नावावरून पुढं मोठं वादळ झालं. मुस्लिम लीगनं विरोध केला, नागपुरात आंदोलन झालं, त्या वादावर इतिहासाच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. जमिनीच्या अटीवर कुणी लिहिलेलं मला फारसं दिसत नाही, आणि आजोबांची शाळा तर त्या अटीपाशी अडली.

जबलपूर जिल्हा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच उमगेल. शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, पाटण-मझौलीकडं, हवेलीचा मुलूख. काळी, भारी माती. शेतकरी शेताला चहूकडून बांध घालून पावसाचं पाणी शेतातच कोंडतात, पावसाळाभर शेतं तळ्यांसारखी दिसतात, आणि दसऱ्याच्या सुमाराला पाणी सोडून त्या ओलीवर गहू पेरतात. पूर्वेला कुंडमकडं गेलात की चढ लागतो, मुरूम आणि दगड लागतात, साल-सागाचं रान लागतं, आणि शेतात कोदो-कुटकी. २०० रुपये उत्पन्नाची जमीन हवेलीतल्या मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, एका कोपऱ्यातून काढून देता येई. कुंडमकडं त्यासाठी अख्खी टेकडी द्यावी लागली असती. आजोबांच्या गावच्या मालगुजारानं अठरा एकर लिहून दिली. वहीत आजोबांनी त्या अठरा एकरांचा नकाशा काढलाय. ओढा कुठं, खडक कुठं, मोहाची झाडं किती. नांगरट होईल अशी जमीन त्यांनी बारीक रेघांनी भरलीय. ती पाच एकरांच्या वर नाही.

पुढची पानं अशी. बियाणं कुटकी, उसनवार. बैलजोडीचं भाडं. राखणीला एक माणूस, कारण रानडुकरं. मग जमा: कोदो चार मण, कुटकी अडीच मण, मोहफुलं. बाजारात विकल्याचे पैसे. आणि महिन्याच्या शेवटी एक ओळ दर वेळी तीच: ‘गुरुजी वेतन, रु. १५, पैकी पोचले’, आणि पुढं आकडा. एका महिन्यात नऊ. एकात सहा आणि एक पायली तांदूळ. १९३९ च्या मार्चमध्ये त्या ओळीशेजारी समासात त्यांनी लिहिलंय, ‘त्रिपुरीस पायी गेलो’. नर्मदेकाठच्या त्रिपुरी काँग्रेसला सबंध जबलपूर लोटलं होतं. तिथं गर्दीत शुक्ल त्यांना लांबून दिसले, तोवर ते प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले होते. आजोबांना त्यांना विचारायचं होतं, की दोनशे रुपये सगळीकडं सारखे का. गर्दीत ते राहून गेलं. नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, योजनेला वाली उरला नाही, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात आजोबा चेरीतालात परत आले. नंतर शहरात एका दुकानाचे हिशेब लिहून त्यांनी घर चालवलं. शुक्लांबद्दल त्यांच्या तोंडून वाईट शब्द मी कधी ऐकला नाही. ‘त्यांना गावात शाळा हवी होती, मनापासून हवी होती,’ एवढंच म्हणत.

मलाही तसंच वाटतं. त्या सूत्रात एक मोठी चूक होती, पण एक फार चांगली गोष्टही होती, आणि ती मला माझ्या नोकरीतून कळली. त्यात दोन आकडे होते. मुलं किती, हा एक. शाळा किती लांब, हा दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर सांगते. १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांनी जनपद सभा आणल्या, गावच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो; अर्धं गणगोत नागपुरात, अर्धं इथं. कोठारी आयोगानं साठीच्या दशकात शेजारशाळेची कल्पना मांडली, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चा असं सांगितलं. १९८७ मध्ये ऑपरेशन ब्लॅकबोर्ड आलं आणि तेव्हा मी नोकरीत नवीन होते. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांतली एक शक्यतो बाई, आणि नकाशे-खेळणी-पुस्तकांची पेटी. पट कितीही असो. त्या पेट्यांची पोचपावती मी लिहिलीय. बऱ्याच शाळांत त्या कुलपात राहिल्या, हे खरं. तरी त्या योजनेमागचा विचार मला आजही सगळ्यांत सरळ वाटतो: शाळा म्हणजे किमान एवढं, आणि त्याखाली कुणीही जायचं नाही.

१ जानेवारी १९९७ ला मध्य प्रदेशात शिक्षण हमी योजना सुरू झाली. दिग्विजय सिंहांचं सरकार होतं. आदल्या वर्षी गावोगाव घरटी फिरून कोणतं मूल शाळेत जात नाही याची मोजणी झाली होती. योजनेचं सूत्र: एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि ४० मुलं आहेत, आदिवासी भागात २५, तर गावानं पंचायतीमार्फत मागणी करावी आणि सरकारनं ९० दिवसांत शिक्षक द्यावा. गावातलाच किंवा जवळचा, गावानं सुचवलेला. त्याला गुरुजी म्हणायचं. मानधन महिना ५०० रुपये.

साठ वर्षांनी पुन्हा तेच दोन आकडे. चाळीस मुलं आणि चालण्याचं अंतर. मैलाचा किलोमीटर झाला होता. शिवाय या वेळी डोंगराला वेगळं माप होतं. हवेलीतल्या गावाला ४०, कुंडमच्या गावाला २५. आजोबांचा त्रिपुरीत राहून गेलेला प्रश्न भोपाळात कुणीतरी स्वतःहून सोडवला होता, असं मला वाटलं आणि डोळे भरून आले. आजोबा तोवर गेले होते.

मागणीअर्ज आमच्या टेबलावर येत. साधा फुलस्केप कागद, वर सरपंचाची सही, खाली मुलांची नावं, समोर बापाचा अंगठा. एक अर्ज मला अजून दिसतो. पंचवीस नावं हवी होती, चोवीस भरली होती आणि पंचविसाव्या ओळीत एक नाव लिहून खोडलं होतं. मूल चार वर्षांचं होतं, सरपंचानं खरेपणानं खोडलं होतं, आणि बाजूला लिहिलं होतं, ‘अगले साल छह की हो जाएगी मोड़ी, ऐसा नहीं कहेंगे, पर स्कूल दे दो.’ आमच्या साहेबांनी तो अर्ज मंजूर केला. साहेब चांगले होते.

वर्षभरात राज्यात पंधरा हजारांवर अशा शाळा उघडल्या. कुणाच्या परछीत, कुणाच्या गोठ्याशेजारी, चिंचेखाली. पण ५०० रुपये! आजोबांचे पंधरा आणि गुरुजींचे पाचशे, दोन्हींत एकच गृहीत धरलेलं, की खेड्यातला मास्तर कमी पैशांत जगतो. लहान शाळा टिकवायची तर बचत शिक्षकाच्या पोटातून करायची, ही वहिवाट तेव्हाही मोडली नाही. गुरुजींनी पुढं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, हळूहळू मानधन वाढलं, परीक्षा देऊन काही पक्क्या नोकरीत आले. त्यांच्यातले काही जण महिन्यातले पंधरा दिवस मजुरी करून उरलेले पंधरा दिवस शिकवत, आणि तरीही मुलांना बाराखडी येत होती.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि केंद्राच्या नमुना नियमांत शाळा एक किलोमीटरच्या आत. कायद्यात दोन्ही आकडे आले, आम्हाला आनंद झाला. पण हिशेबाच्या कोष्टकात अंतर कुठं लिहायचं? ग्रांटच्या तक्त्यात एकच रकाना होता, पटाचा. गावाला रस्ता आहे का, नाला आहे का, खडूचा खोका आणायला बसनं जावं लागतं का, हे विचारणारा रकाना नव्हता. अंतराचा आकडा पुन्हा अवतरला तो वेगळ्याच यादीत. शाळा एकत्र करण्याच्या.

त्या यादीवर माझी सही आहे. कुठल्या कचेरीत, कुठल्या वर्षी ते लिहीत नाही. काम अनेकांचं होतं आणि मी त्यांतली एक होते. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा आणि त्यांच्यापासून जवळची दुसरी शाळा, असा तक्ता करायचा होता. आजोबा जिथं गुरुजी होते त्याच पट्ट्यातलं एक गाव त्यात होतं. पट १९. जवळच्या शाळेचं अंतर ९०० मीटर. किलोमीटरच्या आत, नियमात बसणारं. मी तपासलं, बेरीज जुळली, सही केली. ९०० मीटर नकाशावर मोजलेलं आहे, दोन शाळांवर पट्टी ठेवून, आणि मधे नाला आहे, हे त्या कागदावर कुठं नव्हतं. मीही विचारलं नाही.

मावसबहिणीशी बोलताना कळतं, की तिकडंही हेच चाललंय. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा १४,७८३, त्यांत मुलं १ लाख ८५ हजार. नंदुरबारच्या तोरणमाळचा दाखला दिला गेला. तोरणमाळला निवासी सोय आहे, तिथं ते जमलं असेल; सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीला तोरणमाळ कसं करणार? मग १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक याचे, निकष बदलले आणि लहान शाळांची शिक्षकांची पदं धोक्यात आली. ती म्हणते, आमच्याकडं पोरं मोजायला सगळे येतात, वाट मोजायला कुणी येत नाही.

वाट मोजणारे कुठं आहेत? ज्या इंग्लंडनं निकालावर पैसे द्यायची रीत काढली, तिथंच २०१८-१९ पासून शाळांसाठी जे राष्ट्रीय सूत्र आलं त्यात पटाचा विचार न करता प्रत्येक शाळेला एक ठोक रक्कम आहे, त्या वर्षी १,१०,००० पौंड. त्याशिवाय विरळ वस्तीचा वेगळा हिस्सा: लहान प्राथमिक शाळा आहे आणि तिथल्या मुलांना दुसरी शाळा सरासरी दोन मैलांहून लांब पडते, तर जास्त पैसे. ते श्रीमंत आहेत, आपण नाही, हे मला ठाऊक आहे. पण रकाना आखायला श्रीमंती लागत नाही. आपल्या देशात एकशिक्षकी शाळा एक लाखाहून जास्त आहेत. त्या उगाच लहान राहिलेल्या नाहीत. त्या जिथं आहेत तिथली वस्तीच तेवढी आहे. कुंडमच्या टेकडीवर बारा घरं असतील तर मुलं चाळीस होणार नाहीत, कितीही योजना आणा. त्या शाळेला ठोक रक्कम द्या, पट न विचारता. मग वरची रक्कम पटाप्रमाणे द्या. आणि लांब पडणाऱ्या शाळेला लांब पडण्याचे पैसे द्या, चालण्याच्या वाटेनं मोजून. अडतीस वर्षांत मी जे शिकले ते एवढंच आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी त्या गावी गेले. दमोह नाक्याहून रिक्षा, मग कुंडमची बस, मग पायी. जुन्या शाळेला कुलूप होतं, व्हरांड्यात कुणीतरी मका वाळत घातला होता. फळ्यावर जुनी तारीख होती, पट १९. चौथीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून निघाली होती, तिच्याबरोबर मी चालू लागले. शेतांच्या बांधांवरून, मग रानातून खाली. घड्याळात बघितलं, नाल्याशी यायला बावीस मिनिटं लागली. पाणी गढूळ होतं, पोटरीभर, मधे पाच दगड ठेवलेले. पाऊस जोराचा असला की हे दगड बुडतात आणि पुलावरून जावं लागतं, पूल दीड कोसावर, असं तिनं सांगितलं. त्या दिवसांत शाळेत जात नाही, असंही सांगितलं.

तिनं चपला काढून हातात घेतल्या. मीही घेतल्या. पहिल्या दगडावर उभी राहून तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘दादी, वो तीसरा वाला हिलत है. हमाए पीछे पाँव रखियो.’